गाडी फार पिते

गाडी लिटरला सातच किलोमीटर देते आहे हे मला समजलं त्या रविवारी मी पेट्रोल पंपावरच्या माणसाशी भांडले. त्याची काही चूक नव्हती. त्याने आधी मीटरवरचं शून्य दाखवलं होतं, टाकी फुल केली होती, वर पुढची काचही पुसून दिली होती. पण मी मोबाइलवर भागाकार केला आणि उत्तर सात आलं, तेव्हा समोर तोच उभा होता. माझं हे असंच आहे. राग आला की जो जवळ असेल त्याच्यावर निघतो, आणि मग दोन दिवस मलाच जेवण गोड लागत नाही.

गाडी माझी नव्हे, बाबांची. त्याआधी ती बाबांच्या साहेबांची होती. बाबांनी छत्तीस वर्षं मलबार हिलवरच्या एका साहेबांची गाडी चालवली. साहेबांनी तेवढ्या काळात सहा गाड्या बदलल्या, ड्रायव्हर बदलला नाही. ही शेवटची. पांढरी, लांबलचक, पेट्रोलवरची. बाबा निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी तिची किल्ली जवळजवळ फुकटात त्यांच्या हातावर ठेवली. तेव्हा ती सात वर्षांची होती, आता सतरा पूर्ण झाली. पंधराव्या वर्षी पुन्हा नोंदणी करायची वेळ आली तेव्हाच मी म्हटलं होतं, बाबा, हा पांढरा हत्ती लालबागच्या गल्लीत कशाला पोसायचा? बाबांनी ऐकल्यासारखं केलं आणि टायर पुसायला घेतले.

त्यांना गाडी कशाला हवी होती ते मला ठाऊक होतं. आईसाठी. छत्तीस वर्षांत आई साहेबांच्या एकाही गाडीत बसलेली नव्हती. साहेब परदेशी असायचे तेव्हासुद्धा नाही. गाडी मालकाची, तिच्यात आपलं माणूस बसवायचं नाही, हा बाबांचा कायदा. त्यामुळे गाडी स्वतःची झाल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी पांढरा शर्ट घातला, खाली जाऊन गाडी चालू केली, एसी लावला आणि पंधरा मिनिटांनी आईला हाक मारली. साहेब उतरायच्या आधी पंधरा मिनिटं गाडी गार झालेली असली पाहिजे, ही त्यांची नोकरीतली शिस्त. साहेबांच्या पाठीला कधी तापलेली सीट लागली नाही, हे ते अजून सांगतात. आई पुढे त्यांच्या शेजारी बसायला गेली तर त्यांनी बसू दिलं नाही. मागचं डावं दार उघडून धरलं. तिथे साहेब बसायचे.

मग दर रविवारी संध्याकाळी ती दोघं शिवाजी पार्कला जायची. आई कट्ट्यावर बसून शेंगदाणे खायची, बाबा गाडीजवळ उभे राहायचे, अर्ध्या तासाने परत. एवढंच. पण तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरताना आई प्रत्येक मजल्यावर कुणा ना कुणाच्या दारात थांबून "जरा जाऊन येतंय गो" असं सांगत उतरायची. तीन जिने उतरायला तिला वीस मिनिटं लागायची. बाबा खाली गाडी चालू ठेवून उभे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आई गॅलरीत ओल्या फरशीवर पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण आमच्या चाळीला लिफ्ट नाही, लाकडी जिने आहेत, आणि पुनर्विकासाच्या नुसत्या मीटिंगा होतात. हॉस्पिटलमधून आणल्यावर चाळीतल्या चार मुलांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं. तिन्ही मजले तिने पदराने तोंड झाकून घेतलं होतं. वर पोचल्यावर ती त्या मुलांना चहा द्या म्हणाली, आणि ती गेल्यावर मला म्हणाली, "वर नेलात ता नेलात. आता माका उचलून खाली नेशात ता एकदाच. त्या दिवशी नाय म्हणूक मी नसतलंय."

त्यापुढे बोलायची सोय राहिली नाही. चार जणांनी उचलून खाली न्यायचं ते मेल्यावर, जिवंतपणी नाही. डॉक्टर म्हणाले होते की चालायला लागा, हळूहळू जिनाही जमेल. म्हणजे ती उतरेल तर स्वतःच्या पायांनी उतरेल, नाहीतर नाही. मी शीवला राहते, माझ्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत. पण लेकीच्या घरी पाहुणचार घ्यायचा, मुक्काम टाकायचा नाही, हे दोघांचं एकमत. बाकी कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकमत मी पाहिलेलं नाही.

तेव्हा प्रश्न होता गाडीचा. रविवारी सकाळी मी लालबागला जायची, आईचे केस धुऊन द्यायची, बांगडे तळायची, आणि दुपारी गाडी घेऊन त्यांची आठवड्याची कामं उरकायची. बाकीचे दिवस गाडी बाबांकडे. दादरच्या मंडईत जातो, औषधं आणतो, असं ते सांगत. मी म्हणायची, बाबा, त्यासाठी टॅक्सी आहे. त्यांचं उत्तर एकच. "तुझी आई उतरली की तिला गाडी लागेल."

एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी म्हटलं, "ठीक आहे. पण मग गाडी नीट चालली पाहिजे. सातचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी मी सांभाळणार नाही. सुधारली तर ठेवू, नाहीतर दिवाळीनंतर भंगारात." आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. बाबा म्हणाले, "बघ तू. तुला कळतं त्यातलं."

हे त्यांनी म्हणणं म्हणजे गंमतच. मला जे कळतं ते त्यांनीच शिकवलेलं. मी अठरा वर्षांची असताना त्यांनी एका मित्राची टॅक्सी मागून आणून मला शिवडीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकवली होती. क्लचवर पाय ठेवून बसलीस तर उतरवीन, असा दम भरला होता. नुसता इंजिनाचा आवाज ऐकून ते सांगायचे की एक प्लग गेलाय. आणि आता हाच माणूस म्हणत होता, बघ तू. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मला वाटलं, वय झालं, कान गेले.

मग मी कामाला लागले. आधी हवा. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी जड चालते, हे शेंबडं पोरही सांगेल. परळच्या पुलाखाली पंक्चरवाल्याकडे चारी टायर तपासले. दोन थोडे कमी होते. भरले. पुढच्या रविवारी पुन्हा सात.

मग डिकी रिकामी केली, कारण वजनाने पेट्रोल जातं. डिकीत पाण्याचा मोठा कॅन, साहेबांच्या काळातली काळी छत्री, दोन जुन्या ट्यूब, दोरखंड, आणि एक नवी कोरी उशी निघाली. खुब्याच्या दुखण्यासाठी मधे खोलगट असते तशी. सगळं वर नेऊन टाकलं. पुढच्या रविवारी उशी परत डिकीत होती. मी बाबांना विचारलं तर म्हणाले, "उशीचं काय वजन असतं गो?" बरोबरच होतं. अ‍ॅव्हरेज साडेसहा.

नंतर मेकॅनिक. दादरला एका गाळ्यात काम करणारा, तिशीतला, बोलायला फाडफाड. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं. "मॅडम, एसी लावून चालवता ना? आणि सेकंड गिअरमध्ये खेचता. लेडीजचं तेच असतं." मी त्याला म्हटलं की तुझ्या जन्माच्या आधीपासून मी गाडी चालवते आहे, तू फिल्टर काढ. एअर फिल्टर खरंच काळा झालेला होता. बदलला. इंजेक्टर साफ केले. टाकीत एक निळी बाटली ओतली, तिने म्हणे आतला सगळा गाळ जळून जातो. मी खूश होऊन गाडी परत आणली. गाडी हलकी वाटत होती, आवाज छान येत होता. पुढच्या रविवारी सहा पूर्णांक आठ. त्या निळ्या बाटलीची आठवण झाली की अजून माझे दात आवळतात.

दुसरा मेकॅनिक म्हातारा होता, शीवचा, कमी बोलणारा. त्याने मला गाडी दहा मिनिटं चालवायला लावली, मग खाली उतरून चारी चाकांजवळ हात धरला. मागचं एक चाक गरम लागत होतं. म्हणजे ब्रेक सुटत नव्हता, गाडी अडकत अडकत चालत होती. मला एवढा आनंद झाला की त्याला मिठी मारायचीच काय ती बाकी होती. सापडला चोर! त्याने ब्रेक सोडवला, साफ केला, ग्रीस घातलं. मग प्लग काढून बघितले. चारही प्लग काजळी धरून काळे ठिक्कर. तो म्हणाला, "ताई, ब्रेकने एवढं नाही होत. ही गाडी उभ्या उभ्या चालते. चालू ठेवून बसता काय?"

मी भडकले. म्हटलं, "काका, मुंबईत राहते. परळ ते दादर गाडी उभीच असते. सगळ्यांचीच असते."

त्याने नवे प्लग घातले, सायलेन्सरच्या वाटेवरचा एक सेन्सर बदलला आणि म्हणाला, आता बघा. मी बघितलं. साडेसात. अर्ध्या किलोमीटरसाठी एवढा उपद्व्याप! रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. मी पंप बदलून पाहिला. एसी बंद ठेवून घामाघूम होत गाडी चालवली. चाळीसच्या वर वेग नेला नाही, लाल सिग्नलला इंजिन बंद केलं, मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. दर रविवारी टाकी फुल करायची, मीटर शून्यावर आणायचा आणि पुढच्या रविवारी परीक्षेचा निकाल बघावा तसा भागाकार करायचा. सात. सहा. साडेसहा. दिवाळी जवळ येत होती, आणि मला आतून वाटायला लागलं होतं की माझ्या हातून काही होणार नाही. भंगारवाल्याला बोलवावं लागेल, बाबा एक शब्दही न बोलता किल्ली देतील, आणि तेच मला बघवणार नाही.

मग राहिली चोरी. टाकीतून कुणीतरी पेट्रोल काढत असणार. आमच्या गल्लीतल्या गाड्या एक माणूस धुतो, पन्नाशीचा, उत्तरेकडचा, वीस वर्षं तिथेच आहे. बादली त्याची, पाइप त्याचा, गाडीला दिवसाउजेडी हात लावायची मुभा त्यालाच. एका रविवारी सकाळी मी त्याला चार लोकांदेखत विचारलं, "पेट्रोल काढतोस का रे गाडीतलं?"

त्याने बादली खाली ठेवली. रागावला नाही. तेच वाईट. "दीदी, हम बीस साल से इधर है," तो म्हणाला. मग आजूबाजूचे लोक जाईपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "आप सिर्फ इतवार को आते हो. कोई और दिन साडेचार बजे आके देखो. काकाने बोला है किसी को बोलना नहीं, तो मैं नहीं बोलता."

मंगळवारी मी ऑफिसात दाताच्या डॉक्टरचं कारण सांगून चारला निघाले. लोअर परळहून लालबागला टॅक्सी शोधेपर्यंत माणूस चालत पोचतं. गल्लीच्या तोंडाशी मसाले कुटायचं दुकान आहे, तिथे पोत्यांच्या आड उभी राहिले. मिरचीच्या खाटाने शिंका येत होत्या, पदर नाही म्हणून ओढणी नाकाला लावली. स्वतःच्या बापावर पाळत ठेवायची वेळ आली, याची लाज वाटत होती. पण मला वाटलं होतं ते वेगळंच. मला वाटलं, बाबा कुणाला तरी गाडी भाड्याने देत असतील.

गाडी नेहमीच्या जागेवर उभी होती. इंजिन चालू. खाली एसीच्या पाण्याचं थारोळं साचून ओघळ पार गटारापर्यंत गेला होता. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर होते. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. पाच मिनिटांनी ते उतरले, पिवळ्या फडक्याने मागची काच पुसली, डावं दार उघडून सीटवर तळहात ठेवून पाहिला. सीटवर धुतलेला टॉवेल अंथरलेला होता, त्यावर ती खोलगट उशी. दार लावलं. आमच्या जिन्याच्या दाराकडे बघितलं. मग परत आत जाऊन बसले.

असं त्यांनी पन्नास मिनिटांत चार वेळा केलं. मंडई नाही, औषधं नाहीत, काही नाही. गाडी तसूभर हलली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी मी दोन महिने गाडीच्या पोटात दोष शोधत फिरत होते.

पाचव्यांदा ते उतरले तेव्हा मी पुढे झाले. मला बघून ते दचकले, आणि मला मात्र नेहमीप्रमाणे रागच आला. "बाबा, हे काय चाललंय?"

"आई येते म्हणाली."

"कधी?"

"आज."

"आणि काल?"

"काल पण म्हणाली होती." ते फडकं घडी करत होते. "उन्हाळ्यापासून म्हणते. मी घरात असलो की ती पलंग सोडत नाही. हे द्या, ते द्या. खाली गाडी चालू आहे म्हटलं तर उठेल. साडी तरी नेसेल."

"पण गाडी बंद करून बसा ना! ती खाली आली की लावा एसी. तासभर उभी गाडी चालू ठेवल्यावर अ‍ॅव्हरेज कुठून येणार? तुम्हाला हे माहीत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अचकट विचकट बोलले होते. "तीन जिने उतरून येणार, तो खुबा घेऊन. आणि तापलेल्या सीटवर बसवू तिला?" मग फडक्याची घडी खिशात घालत म्हणाले, "साहेब पण कधी कधी दोन तास उतरायचे नाहीत गो. पण उतरायचे."

 मला मेकॅनिकांच्या दारात उभी करून हा माणूस गप्प बसला, गाड्या धुणाऱ्या त्या बिचाऱ्याला मी चोर म्हटलं तरी गप्प बसला, याचा राग मनात होता. पण तो राग कुठे ठेवायचा ते कळेना. मी म्हटलं, वर जाते, बघते आई कुठपर्यंत आली. आणि जिना चढताना मी खरोखर प्रत्येक वळणावर वर बघत होते, वाटत होतं की ती कठड्याला धरून येताना दिसेल. काठी टेकल्याचा आवाज येईल.

आई पलंगावर होती. गाऊनमध्ये. सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. दाराच्या कडीला इस्त्रीची मोरपिशी साडी टांगलेली होती, तिची घडी मोडलेली नव्हती.

"तू गो खंयसून आज?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने सूप बाजूला ठेवलं. "खाली भेटले?"

मी विचारलं, "आई, तू येते म्हणतेस त्यांना. उतरतेस का कधी?"

तिने सांगितलं ते मला तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. सुरुवातीला ती खरंच उठायची. पहिल्या आठवड्यात जिन्याच्या तोंडापर्यंत, मग दोन पायऱ्या, मग सात. एक दिवस जिद्दीने दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरली आणि तिथे पाय अडकला. खालीही जाईना, वरही येईना. पायरीवर बसून राहिली, खालून गाडीचा आवाज ऐकत. हाक मारली असती तर बाबा वर आले असते, पण मग त्यांनी चार माणसं बोलावली असती. म्हणून हाक मारली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीने बघितलं आणि एकेक पायरी करत तिला वर आणलं. त्यानंतर ती दाराबाहेर गेलेली नव्हती.

"मग येते कशाला म्हणतेस रोज?"

"नाय म्हटलंय तर गाडी जातली. तूच म्हणालंस ना, दिवाळीनंतर भंगारात?" ती शांतपणे म्हणाली. "गाडी गेली तर ते काय करतले? छत्तीस वर्षा तेंनी दुसऱ्याची वाट बघूची नोकरी केली. घरात बसूक तेंका येणा नाय."

मी तिच्या पायाशी बसले.  मी गाडी वाचवायला निघाले होते, आणि माझ्याच धमकीमुळे ती खाली अजूनही रोज तासभर जळत होती. मी आईला तिथल्या तिथे सांगितलं की गाडी विकणार नाही. सहा देऊ दे, चार देऊ दे, राहू दे. तू त्यांना खरं सांग. आज जमत नाही म्हण.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.  मग म्हणाली, "आता तेंका नाय म्हटलंय तर ता माका पण ऐकाक येतला."

खाली इंजिन बंद झालं. तिसऱ्या मजल्यापर्यंत तो आवाज येतो हे मला त्या दिवशी कळलं. आईने सूप मांडीवर ओढलं. बाबा वर आले, मोरीत पाय धुतले, टॉवेलने पुसले, साडीकडे बघितलं आणि ती घेऊन आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवायला गेले. मी आईला हळूच विचारलं, तू उतरणार नाहीस हे बाबांना माहीत आहे का गं, तर ती पुटपुटली, "तेंका काय म्हायत आसा ता तेंका म्हायत. मी इचारूक नाय." बाबा बाहेर येऊन म्हणाले, "उद्या ऊन कमी असेल असं वाटतं." आई म्हणाली, "उद्या येतंय मगे."

गाड्या धुणाऱ्याची मी दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. तो म्हणाला, जाने दो दीदी. त्याने सहज सोडून दिलं, मला ते सोडता आलं नाही. दोन्ही मेकॅनिकांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? दोष सापडला, पण सुटा भाग मिळत नाही? रविवारी मी टाकी फुल करते आणि आता भागाकार करत नाही.

पण हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही. दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी मी पुन्हा लवकर निघाले. मनाशी ठरवलं होतं की निदान बाबांच्या हातून ती गाडी एकदा तरी जागची हलवायची. बाबांना हवा लागेल. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दोघं बसू, जरा मोकळेपणी बोलता येईल. हळूहळू सवय लागेल, रोज नाही तर आठवड्यातून एकदा मी येईन. आई येणार नाही हे त्यांना शब्दांत सांगायची गरजच पडणार नाही.

साडेचार वाजले होते. इंजिन चालू होतं. बाबा आरशात बघून केस सारखे करत होते. मी मागचं डावं दार उघडलं, उशी बाजूला सरकवली आणि बसले. सीट खरंच छान गार होती.

"चला बाबा," मी म्हटलं. "पार्कला जाऊ. आज मी तुमची साहेब."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. हसले. सवयीने क्लच दाबला, हात गिअरवर गेला. क्षणभर मला वाटलं, जमलं. मग त्यांनी हात काढून घेतला आणि जिन्याच्या दाराकडे बघत म्हणाले, "आणि एवढ्यात ती खाली आली तर?"

माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं नाही. ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले. मी उतरले. मी बसले होते तिथला टॉवेल त्यांनी हाताने सारखा केला, उशी जागेवर ठेवली, गारवा जाऊ नये म्हणून दार लगेच लावून घेतलं, आणि जिन्याकडे तोंड करून उभे राहिले.